पूर्वेकडची खोली

मुन्शीजींनी माझ्याबरोबर बावीस वर्षं चहा प्यायला, पण एकदाही माझ्याआधी घोट घेतला नाही. आधी मी प्यायचो, ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि मी जिवंत आहे याची खात्री पटली की मग कप उचलायचे. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. एकदा म्हणालोही, "मुन्शीजी, मी काय विष घालतोय का तुम्हाला?"

"तुमच्यावर शक न्हाई सोपानराव," ते शांतपणे म्हणाले. "दुधावर हाय."

धारूरच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली आमची टेबलं शेजारी शेजारी होती. मी दस्तलेखक. खरेदीखत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, लोक सांगतील ते लिहून देतो. हबीबुद्दीन मुन्शींचं काम माझ्यापेक्षा दुर्मीळ होतं. आमच्याकडे निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत आणि ते वाचता येणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. लोक पणजोबांचे कागद धोतराच्या फडक्यात बांधून आणायचे. मुन्शीजी तो कागद आधी उन्हात धरायचे, मग त्याचा वास घ्यायचे, आणि वाचायचे सगळ्यात शेवटी.

अंगाने वाळके, उंच, डोक्याला पांढरी टोपी, आणि शर्टाच्या खिशाला दोऱ्याने बांधलेला पेन. मी विचारलं, "पेन हरवायची एवढी भीती?" तर म्हणाले, "हरवायची न्हाई. माझ्या पेनानं दुसरा कोन काय लिवंल, त्याची." कुणी काहीही बातमी सांगितली, अगदी बसस्टँडवर भाजी स्वस्त झाली एवढी जरी सांगितली, तरी त्यांचे प्रश्न ठरलेले. "किसने बोला? कब बोला? तुम थे वहां?" सांगणारा वैतागून निघून जायचा.

एकदा एक पुढारी दोन गाड्या घेऊन कचेरीत आले. त्यांच्याकडे एक जुनी सनद होती आणि गावातली एक विहीर तिच्यावर त्यांच्या आजोबांच्या नावाने होती. कागद पिवळाजर्द, कडा खाल्लेल्या. मुन्शीजींनी वास घेतला, कागद टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर पेला ठेवला. पुढारी म्हणाले, "वाचा की." मुन्शीजी म्हणाले, "थांबा जरा." पाच मिनिटांनी बघितलं तर कागदावर दोन मुंग्या.

"सायेब, कागद जुना दिसावा म्हणून त्याला चहा पाजला, ते ठीक हाय," मुन्शीजी म्हणाले. "पन साखर कावून टाकली?"

अख्खी कचेरी हसली. पुढारी हसले नाहीत. त्यानंतर चार दिवस मुन्शीजी घरी वेगळ्या वाटेने जात होते. मी म्हटलं, "कशाला उगाच वैर घेता?" त्यावर ते म्हणाले, "कागद खोटं बोलत न्हाई, सोपानराव. कागदाला बोलायला लावनारा बोलतो." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पुढे या वाक्यानेच त्यांना गाठलं, म्हणून लक्षात ठेवून सांगतोय.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. तरुणपणी स्थळं बरीच आली होती म्हणे. मुन्शीजींनी प्रत्येक स्थळाचे कागद मागवले आणि प्रत्येकात खोट काढली. एकीची जन्मतारीख शाळेत वेगळी आणि दवाखान्यात वेगळी, एकीच्या बापाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने. शेवटी आई-वडील गेले, आणि विचारणारं कुणी उरलं नाही. मी हे ऐकून पोट धरून हसलो होतो. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरी एक माणूस राहायचा. करीम पिंजारी, मूळचा चकलांब्याकडचा. गाद्या-रजया भरून देणारा. मुन्शीजींची रजई भरायला म्हणून आला आणि राहिला. मुन्शीजींच्या अगदी उलट. मोठ्याने हसायचा, कुणावरही विश्वास टाकायचा, आणि त्याच्या भुवयांत बारा महिने कापूस अडकलेला असायचा. गल्लीत कुणी विचारलं की मुन्शीजी सांगायचे, "हमारे किरायेदार हैं." आणि किरायेदार आहे याचा कागदही होता. दर अकरा महिन्यांनी मुन्शीजी स्टॅम्पपेपर घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि मी भाडेकरार लिहायचो. 'मालक हबीबुद्दीन, भाडेकरू करीम, धंदा गादीकाम, जागा: घराची पूर्वेकडची खोली.' मुन्शीजी सही करायचे. करीम अंगठा उठवायचा आणि बोटाची शाई माझ्या टेबलाला पुसायचा.

मी तसा संशयीच माणूस. दस्तलेखकाला व्हावंच लागतं. सोयऱ्यांमध्येसुद्धा कुणी करार इतका नेमाने करत नाही. लोक तोंडी बोलतात, भांडण झालं की कागद करतात. इथे भांडण नाही, कोर्ट नाही, आणि करार मात्र अकरा महिन्यांना हजर. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग एका ईदला मी त्यांच्या घरी शीरखुर्मा खायला गेलो. किल्ल्याच्या वाटेला लागून घर. अंगण, कोपऱ्यात न्हाणी, चुलीची अरुंद जागा, आणि एक खोली. मी वाडगा हातात धरून इकडे तिकडे बघत होतो. पूर्वेला खिडकी होती. पूर्वेला भिंत होती. पूर्वेला खोली नव्हती. घरात खोलीच एक होती, आणि तिच्यात एकच मोठी गादी, करीमने स्वतः भरलेली.

माझ्या तोंडाकडे मुन्शीजी बघत होते. मी शीरखुर्मा संपवला, "झकास झालाय" म्हणालो आणि घरी आलो. बायकोलाही सांगितलं नाही. अकरा महिने झाल्यावर परत 'पूर्वेकडची खोली' असंच लिहिलं, आणि अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं.

गावाला कळत नव्हतं असं नाही. गावाला सगळंच कळत असतं. पण गाव बोलत नव्हतं, कारण मुन्शीजी नमाज चुकवत नव्हते, करीम कुणाच्या पोरीबाळींकडे वर मान करून बघत नव्हता, आणि हातात कागद होता. आमच्यात तरी काय वेगळं होतं? आमच्या गल्लीत एका पोराचं मित्राबरोबर काहीतरी आहे म्हटल्यावर महिन्याभरात त्याचं लग्न लावून टाकलं. ती पोरगी वर्षभराने माहेरी गेली ती परत आलीच नाही, आणि दोष तिच्याच माथी आला. तिथे कागद बरोबर होता, लग्नपत्रिका छापलेली होती.

मोठ्या कोर्टाने असं राहणं हा गुन्हा नाही असं म्हटलं, ती बातमी पेपरात आली त्या दिवशी चहाच्या टपरीवर लोकांना ऊत आला होता. नको नको ते विनोद चालले होते. मुन्शीजींनी पेपर घेतला, उन्हात धरला, अख्खी बातमी वाचली आणि घडी घालून ठेवली.

"काय म्हणता मुन्शीजी?" एकाने डिवचलं.

"गुन्हा न्हाई, एवढं म्हनलेत," मुन्शीजी म्हणाले. "काय हाय, ते न्हाई म्हनले."

आणि उठून आपल्या टेबलावर गेले. मी मागोमाग गेलो.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून परत आले ते निम्मे होऊन. आणि मग त्यांचा पुतण्या दिसायला लागला. अस्लम, थोरल्या भावाचा मुलगा, बीडला राहणारा, इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. येताना बर्फी आणायचा आणि जाताना घराचे फोटो काढायचा. एक दिवस माझ्या टेबलाशी आला. "चाचांची फिकीर वाटते. घरात तो माणूस राहतो, त्याचा काही कागद आहे का?"

"आहे का म्हणजे? दर अकरा महिन्याला आहे! सगळे माझ्या हातचे!" मी छाती फुगवून सांगितलं. आणि त्याने मागितली म्हणून चालू कराराची नक्कल काढून दिली. माझ्याकडे दुसरी प्रत असतेच.

मी का दिली? अक्षराचा गर्व होता, हे एक. पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं पुढे काय होतंय. संशयाला खाज असते, ती खाजवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. मी मुन्शीजींना फार मानायचो, तरी मी हे केलं.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजी आले, बसले. मी चहा मागवला, मी आधी प्यायलो. त्यांनी कप उचललाच नाही. चहावर साय धरली.

"नक्कल दिली तुमी," ते म्हणाले.

"किसने बोला? कब बोला?" मी त्यांचीच नक्कल करून हसायला गेलो. हसू तोंडातच राहिलं.

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, एखाद्या अडाणी पक्षकाराला सांगावं तसं. मला त्यांच्यातला कायदा अर्धामुर्धाच माहीत होता. घर करीमला द्यायचं होतं. मृत्युपत्र करून चालत नाही, कारण परक्याला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देता येत नाही. बाकीचं वारसांचं, म्हणजे पुतण्यांचं. "तिसऱ्या हिश्शात करीमला न्हानी यील," मुन्शीजी म्हणाले. राहिला हिबा, म्हणजे जिवंतपणीच बक्षीस देणं. देणाऱ्याने बोलायचं, घेणाऱ्याने कबूल करायचं, आणि कब्जा द्यायचा. कब्जा दिला नाही तर हिबा फुकट. घर द्यायचं असेल तर देणाऱ्याने सामानसुमान घेऊन बाहेर पडलं पाहिजे.

"म्हणजे तुम्ही घर सोडायचं? या तब्येतीत?"

"दोघं एकत्र ऱ्हात असले, तर सोडायची गरज न्हाई. पन मग कोर्ट इचारनार, एकत्र म्हंजे कोन्त्या नात्यानं? आनि आता तर अस्लमच्या हातात कागद हाय. करीम एकत्र न्हाई. करीम किरायेदार हाय, पूर्वेकडच्या खोलीत."

इतकी वर्षं घराला आडोसा म्हणून त्यांनी जो कागद केला, तोच आता त्यांना घराबाहेर काढत होता. तो माझ्या हातचा होता आणि शत्रूच्या हातात मीच दिला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मुन्शीजी चष्मा पुसायला लागले. पुसत पुसतच म्हणाले, "नवराबायकोला हे लागू न्हाई. नवऱ्यानं बायकोला घर दिलं, तर बाहेर निघावं लागत न्हाई. आत ऱ्हायलं तरी कब्जा धरतात." चष्मा कधीच स्वच्छ झाला होता. तरी ते पुसत राहिले.

बावीस वर्षांत त्यांनी मला जे काही सांगितलं त्यातलं हे सगळ्यात मोठं. यापुढे ते कधीच गेले नाहीत.

शुक्रवारी, नमाज सुटल्यावर, भर दुपारी मुन्शीजींनी घर सोडलं. मुद्दाम भर दुपारी, सगळ्यांना दिसावं म्हणून. ट्रंक, पुस्तकं, कपडे, औषधं, कंदील, तांब्या, दाढीचा आरसा, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. "एक चीज ऱ्हायली तर म्हनतील, कब्जा दिला न्हाई." करीमला यातलं काही समजत नव्हतं. तो दारात उभा राहून रडत होता. "मैं क्या किया? कावून जा रे आप?" मुन्शीजी दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने म्हणाले, "ये घर मैंने करीम वल्द इब्राहीम को दिया." मग करीमकडे वळून हळूच, "बोल, कबूल है."

करीम बोलेना. लग्नातच असं विचारतात, हे त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. गल्लीतली पोरं बघत होती. शेवटी तो नाक ओढत म्हणाला, "कबूल है."

एक साक्षीदार मी होतो. दुसरे मशिदीचे इमामसाहेब. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. माझा त्यांच्यावर पहिल्यापासून शक. हिब्याची नोंद म्हणून केलेल्या यादपत्रावर सही करून झाल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलंच, "तुम्हाला माहीत आहे ना कशावर सही केली?"

इमामसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दीन-मज़हब में वो गुनाह है, सोपानराव. बड़ा गुनाह. मैं उसको छोटा नहीं बोल सकता. मगर साबित करने को आंखोंदेखे गवाह लगते. और किसी के घर में झांकना, ये भी गुनाह. बदगुमानी, किसी पे बेवजह शक, वो भी गुनाह. तो मुझे क्या मालूम? मुझे इतना मालूम, एक आदमी ने दूसरे को मकान दिया."

मला ते पटलं आणि नाहीही पटलं. माणूस जगला तरी चालेल, फक्त त्याने स्वतःचं नाव सांगू नये, असा हा सौदा. पण तेवढाही सौदा बाकी कुणी केला नव्हता.

मुन्शीजी आठ दिवस मशिदीच्या बाजूच्या खोलीत राहिले. क्षणभर बाहेर पडलं तरी पुरतं, असं एका वकिलाने सांगितलं होतं, पण मुन्शीजींचा वकिलावर विश्वास नव्हता. गावात बोंब उठली की दोघांचं फाटलं. काहींना फार आनंद झाला. "अखेर सुटला बिचारा त्या पिंजाऱ्याच्या तावडीतून," असं लोक मला येऊन सांगायचे आणि मी "हं" म्हणायचो. पुढच्या शुक्रवारी दोन-चार तरुण पोरांनी इमामसाहेबांना त्या सहीवरून गाठलं, आणि त्या दिवशीच्या बयानात, म्हणजे प्रवचनात, इमामसाहेब त्याच गुनाहावर बोलले. मुन्शीजी पहिल्या रांगेत बसले होते. मी बाहेर रस्त्यावर, लाऊडस्पीकरखाली उभा होतो.

मुन्शीजी बाहेर आले. मागून इमामसाहेब आले, मान खाली.

"बयान अच्छा था," मुन्शीजी म्हणाले. "एक लफ्ज़ में ज़बर की जगह ज़ेर पढ़े आप. मानी बदल जाते." ज़बर-ज़ेर म्हणजे अक्षराच्या वरखालच्या मात्रा, एवढं मला बावीस वर्षांत कळलं होतं.

इमामसाहेब म्हणाले, "जी. अगली बार देखूंगा."

नवव्या दिवशी सकाळी ट्रंक माझ्या डोक्यावर आणि मुन्शीजी काठी टेकत पुढे, असे आम्ही किल्ल्याच्या वाटेने गेलो. दार उघडंच होतं. मुन्शीजी उंबऱ्याबाहेर थांबले आणि त्यांनी कडी वाजवली.

आतून करीमचा आवाज आला, "आओ ना! दरवाज़ा खुला तो है!"

"मालिक बोलेंगे तो आएंगे."

"कौन मालिक?"

"तू, बे!"

मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'बे' ऐकलं नव्हतं. करीम बाहेर आला, भुवयांत कापूस. त्याला काय म्हणायचं ते कळेना. शेवटी म्हणाला, "तशरीफ लाओ," आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मुन्शीजींनी चपला दाराबाहेर काढल्या, पाहुणा काढतो तशा.

मुन्शीजी आता कोणत्या नात्याने राहणार, याचाही कागद हवा होता. तो मी पिशवीतून आणला होता. मालक करीम, भाडेकरू हबीबुद्दीन, मुदत अकरा महिने. मी पेन उघडून विचारलं, "जागेचं वर्णन काय लिहू?"

"तुमाला पाठ हाय की," मुन्शीजी म्हणाले.

ते अकरा महिने पुरे झाले नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी मुन्शीजी गेले. चाळीस दिवसही झाले नव्हते तोवर अस्लम ती नक्कल घेऊन आला आणि करीमला म्हणाला, "किरायेदार हो ना तुम? कब खाली करते?" करीमने मला बोलावून घेतलं. मी नवा करार आणि हिब्याचं यादपत्र अस्लमसमोर धरलं. त्याने दोनदा वाचलं.

"चाचा? अपने ही घर में किरायेदार?" तो हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कागद बनाना तो तुमको खूब आता है."

आणि अस्लम मोटरसायकलला लाथ मारून निघून गेला. अजून नोटीस आलेली नाही. येणार नाही असं मी म्हणत नाही. पोस्टमन किल्ल्याच्या वाटेला वळला की मी टेबलावरून उठून बघतो, आणि टपरीवर कुणी अस्लमचं नाव काढलं की मी विचारतो, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तू होतास का तिथे? लोक वैतागून निघून जातात.

त्या नवव्या दिवसानंतर मुन्शीजी कचेरीत परत आले नाहीत. म्हणून मला ते दिसतात ते त्या सकाळचे. सह्या झाल्या, अंगठा झाला, करीमने बोटाची शाई या वेळी स्वतःच्याच भिंतीला पुसली. मग तो चहा घेऊन आला, तीन कप. मी सवयीने पटकन माझा कप उचलला, आधी प्यायला. मुन्शीजींनी हात वर करून मला थांबवलं.

मग त्यांनी करीमच्या हातातून कप घेतला आणि कुणाकडेही न बघता पहिला घोट घेतला.